पलीकडून आणलेले पान

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांच्या फौजेचा धीर सुटला. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तीच गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून जाते. मराठे लढाई जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास वेगळ्याच वळणाने जातो. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत एका अपघातानंतर त्या दुसऱ्या इतिहासात जाऊन पोहोचतात, तिथली मुंबई पाहतात, ग्रंथालयात बसून तिथले ग्रंथ वाचतात आणि परत येतात. कथेचा सगळा भार मात्र एका कागदावर आहे. तिथल्या बखरीचे एक फाटके पान त्यांच्या खिशात राहून गेलेले असते आणि त्या पानावर विश्वासराव बचावल्याची हकिगत असते. नारळीकर हे केंब्रिजमध्ये फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेले खगोलशास्त्रज्ञ. पुण्याची आयुका ही संस्था त्यांनी १९८८ मध्ये उभी केली. पुरावा हातात असल्याशिवाय विधान करायचे नाही ही त्यांची शिस्त कथेतही सुटलेली नाही. गंगाधरपंतांचा अनुभव हा भास नव्हता हे पटवण्यासाठी नारळीकरांनी पुरावा म्हणून ते पान पुढे केले आणि वैज्ञानिक मित्राच्या तोंडून क्वांटम सिद्धांताचा आधार दिला.

त्या पानापाशीच कथेची वाट आणि विज्ञानाची वाट वेगळी होते. अनेक विश्वांची कल्पना आज साहित्यात आहे, भौतिकशास्त्रात आहे आणि गेल्या काही वर्षांत संगणकाच्या तंत्रज्ञानातही आली आहे. तिन्हीकडे शब्द तेच असल्यामुळे कल्पनाही एकच आहे आणि चित्रपटात जे दिसते त्याला आता प्रयोगशाळेत दुजोरा मिळू लागला आहे, असा समज पसरतो. हा समज तपासायला एक प्रश्न पुरेसा आहे, असे मला वाटते. या विश्वांमध्ये ये-जा आहे का? कथेला ये-जा हवीच असते. विज्ञानातल्या शक्यता मात्र त्यांचा एकमेकींशी असलेला संपर्क तुटतो तेव्हाच विश्वे म्हणवून घ्यायला पात्र होतात. क्वांटम संगणक ज्या अवस्थेत काम करतो तिथे संपर्क अजून शाबूत असतो आणि म्हणूनच तिथे विश्वे अजून झालेली नसतात.

आधी साहित्य पाहू. योगवासिष्ठातल्या लीलेच्या आख्यानात राजा पद्म मरण पावतो आणि त्याच महालाच्या आकाशात त्याचे दुसरे आयुष्य, दुसरे राज्य, दुसरे युद्ध चालू असल्याचे राणी लीलेला दिसते. तिथे जायला तिला सरस्वतीची कृपा लागते. १९६१ च्या सप्टेंबरमधल्या ‘फ्लॅश’ या अमेरिकन चित्रकथेच्या अंकात नायक आपल्या शरीराच्या कंपनाचा वेग बदलतो आणि दुसऱ्या पृथ्वीवर उतरून तिथल्या जुन्या फ्लॅशला भेटतो. चित्रकथांच्या धंद्यात पुढे अनेक पृथ्व्यांची जी रेलचेल झाली तिची मोठी सुरुवात या अंकाने झाली. २०२३ मध्ये सात ऑस्कर मिळवणाऱ्या ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अॅट वन्स’ या चित्रपटात लाँड्री चालवणारी बाई आपल्याच इतर आयुष्यांतली कौशल्ये उसनी घेते. साधने बदलतात, कृपा, कंपन, यंत्र किंवा अपघात. पण कोणीतरी एक जीव दोन्हीकडे असल्याशिवाय गोष्ट उभी राहत नाही. दोन इतिहासांची तुलना करणारे एक मन लागते, पश्चात्ताप लागतो, हेवा लागतो. बोर्हेसने १९४१ च्या आपल्या प्रसिद्ध कथेत काळालाच फाटे फुटलेली बाग रचली आणि फाट्यांमधला प्रवास टाळला. तो अपवाद, आणि त्या कथेची थोरवीही त्यातच आहे. योगवासिष्ठ आले की हे सारे आपल्याकडे आधीच ठाऊक होते असे कोणी म्हणतो. त्या ग्रंथाचा सवाल निराळा आहे. जग मनाने कल्पिलेले आहे का, हे तो विचारतो आणि त्यासाठी जगांच्या आत जगे दाखवतो. त्यातून कणाच्या मोजमापाबद्दल काही निघत नाही. ती चर्चा तिच्या जागी मोठी आहे, तिला भौतिकशास्त्राचे प्रशस्तिपत्र लागत नाही.

भौतिकशास्त्रातली अनेक विश्वे वेगळ्या गरजेतून आली. क्वांटम सिद्धांताच्या पाठ्यपुस्तकी मांडणीत दोन नियम आहेत. कोणी मोजमाप करत नसेल तोवर कणाची अवस्था श्रोडिंजरच्या समीकरणाप्रमाणे बदलत जाते आणि त्या अवस्थेत अनेक शक्यता एकत्र असतात. मोजमाप केले की एक शक्यता उरते, बाकीच्या पुसल्या जातात. मोजमाप म्हणजे नेमके काय, ते कुठे सुरू होते, उपकरण स्वतः अणूंचेच बनलेले असताना त्याला वेगळा नियम का, याचे उत्तर या मांडणीत नाही. १९५७ मध्ये प्रिन्स्टनला जॉन व्हीलर यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या ह्यू एव्हरेट या तरुणाने दुसरा नियम काढूनच टाकला. समीकरण सगळीकडे लागू करायचे, उपकरणाला आणि उपकरण वाचणाऱ्या माणसालाही. मग मोजमापानंतर माणसाच्याही दोन अवस्था होतात. एकीत त्याने काटा डावीकडे पाहिलेला असतो, दुसरीत उजवीकडे, आणि प्रत्येकीत त्याला एकच उत्तर मिळाल्याचे आठवते. एव्हरेटने हिशेबात विश्वे घातली नाहीत, एक नियम वजा केला आणि विश्वे शिल्लक राहिली. १९५९ मध्ये तो कोपनहेगनला नील्स बोर यांना भेटला, पण त्यांना ते पटले नाही. तोवर त्याने विद्यापीठाचे जग सोडून पेंटागॉनसाठी शस्त्रांच्या परिणामांचे गणित करण्याची नोकरी धरली होती. १९७० मध्ये ब्राइस डेविट यांनी त्याची मांडणी पुन्हा चर्चेत आणली तेव्हा ती प्रसिद्ध झाली. १९८२ मध्ये वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी एव्हरेट वारला.

आता ये-जा. श्रोडिंजरचे समीकरण रेषीय आहे. याचा अर्थ असा, की अवस्थेत दोन भाग असतील तर प्रत्येक भाग दुसरा जणू नाहीच अशा रीतीने पुढे सरकतो. दोन वाटांनी आलेले भाग शेवटी तंतोतंत एकाच अवस्थेत येऊन मिळाले तरच त्यांची बेरीज-वजाबाकी होते. तिला व्यतिकरण म्हणतात आणि दोन शक्यतांमधला संपर्क म्हणजे एवढाच. व्हिएन्ना विद्यापीठातल्या प्रयोगांत हा संपर्क तुटताना प्रत्यक्ष पाहता येतो. तिथे फुलेरिनचे रेणू, म्हणजे साठ किंवा सत्तर कार्बन अणूंचे पोकळ गोळे, निर्वात नळीतून बारीक जाळ्यांवर सोडतात. पलीकडे रेणू मोजले तर काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी असे पट्टे मिळतात. प्रत्येक रेणूच्या अवस्थेत अनेक फटींतून जाण्याच्या शक्यता एकत्र असल्याशिवाय हे पट्टे पडत नाहीत. मग नळीत थोडा वायू सोडला की पट्टे फिके होत जातात, जितका वायू जास्त तितके फिके. वायूचा एखादा रेणू आदळून गेला की फुलेरिन कुठे होता याची खूण त्याच्याबरोबर निघून जाते. २००४ मध्ये त्याच गटाने याहून बोलका प्रयोग केला. सत्तर अणूंच्या फुलेरिनला लेझरने इतके तापवले की ते स्वतःच प्रकाश टाकू लागले. बाहेरून कोणी आदळले नाही, कोणी पाहिले नाही, तरी पट्टे विरले, कारण आपण कुठे आहोत हे रेणू आपल्याच उजेडाने सांगून टाकत होता. चारचौघांत फुटलेली गोष्ट जशी पुन्हा गुपित करता येत नाही, तशी ही खूण एकदा हवेत, भिंतीत, प्रकाशात पसरली की दोन शक्यता पुन्हा एका अवस्थेत आणता येत नाहीत. एव्हरेटच्या दृष्टीने त्या क्षणापासून ती दोन विश्वे, अवस्थेच्या दोन शाखा.

बंदुकीची गोळी फुलेरिनसारखी निर्वात नळीत नसते. तिच्यावर प्रत्येक क्षणी हवेचे असंख्य रेणू आदळतात आणि प्रत्येक जण तिच्या जागेची खूण घेऊन जातो. पानिपतावर ती गोळी कानाजवळून गेल्याची एखादी शाखा एव्हरेटच्या हिशेबात असेल, तर ती आपल्या शाखेपासून गोळी लागण्याच्या कितीतरी आधीच तुटलेली असणार. तिथली बखर इथे येऊ शकत नाही. हा केवळ तर्क नाही, त्याची परीक्षाही झाली आहे. १९८९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी क्वांटम समीकरणात किंचित अरेषीय पद असेल तर काय होईल हे मांडले. जोसेफ पोल्चिन्स्की यांनी १९९१ मध्ये दाखवले, की असे पद असेल तर एव्हरेटच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत निरोप धाडता येईल. या कल्पनेला भौतिकशास्त्रात ‘एव्हरेट फोन’ असे नाव पडले. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत बेरिलियमच्या आयनांवर वाइनबर्ग यांच्या पदाचा शोध १९८९ मध्येच घेण्यात आला आणि मोजमापाच्या अतिसूक्ष्म मर्यादेपर्यंत ते सापडले नाही. गंगाधरपंतांचे पान खरे असते, तर त्या आयनांना ते पद दाखवावे लागले असते. कथेला हे बंधन नाही आणि नसावे. पण ज्या क्वांटम सिद्धांताचा हवाला कथा देते, तोच सिद्धांत ते पान अडवतो.

तंत्रज्ञानाकडे वळल्यावर हा फरक आणखी उपयोगी पडतो. ऑक्सफर्डचे डेव्हिड डॉइच यांनी १९८५ मध्ये सार्वत्रिक क्वांटम संगणकाची कल्पना मांडली, ती एव्हरेटची शाखांची मांडणी खरी मानूनच. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी मोठ्या संख्येचे अवयव अशा यंत्रावर झपाट्याने काढण्याची रीत दिली. तेव्हापासून डॉइच यांचा सवाल असा, की दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येहून कितीतरी जास्त शक्यता ज्या हिशेबात वापरल्या जातात, तो हिशेब झाला कुठे? डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने आपली १०५ क्यूबिटची, म्हणजे क्वांटम संगणकाच्या १०५ मूलघटकांची, ‘विलो’ ही चिप जाहीर केली. आजच्या महासंगणकाला १ वर २५ शून्ये इतकी वर्षे लागतील असा एक चाचणी-हिशेब तिने पाच मिनिटांच्या आत केला, आणि यामुळे समांतर विश्वांच्या कल्पनेला बळ मिळते असे कंपनीच्या क्वांटम विभागाच्या प्रमुखांनी त्या निवेदनात लिहिले. मराठी वर्तमानपत्रे आणि वाहिन्या पाहणाऱ्या वाचकाला असे मथळे नवे नाहीत.

डॉइच यांच्या सवालात तथ्य आहे. १०५ क्यूबिटची अवस्था पूर्ण लिहायची तर ४ वर ३१ शून्ये इतक्या संख्या लागतात आणि निसर्ग ती अवस्था बिनतक्रार सांभाळतो. पण या सगळ्या शक्यता म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणारी विश्वे, असे मानले की हिशेब जुळत नाही. समजा दहा लाख पेट्यांपैकी एकीत वस्तू आहे. प्रत्येक विश्वाने एकेक पेटी उघडली तर एका फटक्यात काम व्हायला हवे. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये दिलेल्या क्वांटम शोधरीतीला तरीही सुमारे आठशे फेऱ्या लागतात, आणि याहून मूलतः कमी फेऱ्यांत ते होणार नाही हे गणिताने सिद्ध झाले आहे. कारण शेवटी उत्तर एकच वाचता येते. चुकीची उत्तरे व्यतिकरणाने एकमेकांना खोडून टाकतील अशी रचना हळूहळू घडवत न्यावी लागते. म्हणजे यंत्राच्या आतल्या शक्यता अखेरपर्यंत एकमेकींच्या संपर्कात राहिल्या पाहिजेत. म्हणून तर अशी चिप निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एखाद्या शतांशाइतक्या तापमानाला थंड ठेवतात, तारांमधून येणारी उष्णता टप्प्याटप्प्याने अडवतात आणि भटक्या प्रारणापासून तिला कवचात झाकतात. एखाद्या क्यूबिटची खूण बाहेर गेली की हिशेब बिघडला. क्वांटम संगणकाची बरीचशी अभियांत्रिकी विश्वे फुटू नयेत यासाठी खर्ची पडते. तेव्हा ‘विलो’च्या यशाने क्वांटम सिद्धांताची समीकरणे आणखी एका मोठ्या यंत्रावर खरी ठरली, एवढे नक्की. ती समीकरणे एव्हरेटला मानणाऱ्याची आणि न मानणाऱ्याची सारखीच आहेत. ऑक्सफर्डच्याच अँड्र्यू स्टीन यांनी २००० मध्ये लिहिलेल्या निबंधाचे नावच असे होते, की क्वांटम संगणकाला एक विश्व पुरते.

विश्वरचनाशास्त्रातली अनेक विश्वे याहून निराळी आहेत. तिथे फाटे फुटत नाहीत, अंतर वाढते. महास्फोटानंतरच्या अतिसूक्ष्म क्षणात अवकाश प्रचंड वेगाने फुगले ही अॅलन गुथ यांची १९८१ ची कल्पना, तिला इन्फ्लेशन म्हणतात. आंद्रे लिंडे आणि अलेक्झांडर व्हिलेन्किन यांनी पुढे दाखवले, की हा फुगवटा सगळीकडे एकदम थांबत नाही. जिथे थांबतो तिथे आपल्यासारखे विश्व होते आणि मधला प्रदेश फुगतच राहतो. दोन विश्वांमधली जागा प्रकाशाच्या वेगाला मागे टाकून वाढते, त्यामुळे निरोपाचा प्रश्नच नाही. संपर्काची एकच पुसट शक्यता उरते. फार पूर्वी शेजारचे विश्व आपल्याला धडकले असेल, तर महास्फोटातून उरलेल्या सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणात गोल ठसा दिसावा. लंडनच्या एका गटाने २०११ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नोंदींत असे ठसे शोधले. काही जागा संशयास्पद वाटल्या, पण धडक झाली असे म्हणण्याइतका पुरावा निघाला नाही.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. जिथे जाता येत नाही, जिथून काही येत नाही, त्या विश्वांबद्दल बोलणे विज्ञान कसे? जॉर्ज एलिस आणि जो सिल्क यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहून हाच इशारा दिला होता आणि त्यांचे म्हणणे हलक्याने घेण्यासारखे नाही. नारळीकरांचेही आयुष्य याच हट्टात गेले. महास्फोटाचा सिद्धांत बहुमताने स्वीकारला गेल्यावरही त्यांनी हॉयल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये पर्यायी मांडणी पुढे ठेवली आणि निरीक्षणाने हाती न लागणाऱ्या गृहीतकांवर बोट ठेवत राहिले. माझे उत्तर असे, की अनेक विश्वे हा मुळात सिद्धांतच नाही, तो सिद्धांतातून निघणारा निष्कर्ष आहे. कृष्णविवराच्या आतून कोणी निरोप आणलेला नाही, तरी तिथे काय होते याबद्दल आपण बोलतो, कारण सापेक्षता सिद्धांत बाहेर हरेक ठिकाणी कसाला उतरला आहे. त्याच न्यायाने ज्या सिद्धांतातून विश्वे निघतात त्याची परीक्षा घ्यायची. या परीक्षेत सर्व विश्वे सारखी उतरत नाहीत, हे लोकप्रिय लेखनात सांगायचे राहून जाते. एव्हरेटच्या शाखा ज्या समीकरणातून निघतात ते भौतिकशास्त्रातल्या सर्वांत जास्त तपासलेल्या समीकरणांपैकी एक आहे. इन्फ्लेशनला चांगले आधार आहेत, पण फुगवटा कायमचा चालू राहतो हा त्यातला भाग आजच्या निरीक्षणांच्या पलीकडचा आहे. स्ट्रिंग सिद्धांतातून निघणारी १ वर ५०० शून्ये इतकी विश्वे त्याहून कच्च्या पायावर आहेत, कारण तो सिद्धांतच अजून कोणत्या प्रयोगाला सामोरा गेलेला नाही. वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये अनेक विश्वांच्या आधारे तर्क केला होता, की अवकाशाची ऊर्जा आकाशगंगा बनू देण्याइतकी लहान असली पाहिजे, पण ती शून्यच असेल असे मानायचे कारण नाही. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसले तेव्हा तो तर्क बरोबर बसला. ही मोठी गोष्ट आहे. पण एका संख्येवर इमारत उभी राहत नाही.

एव्हरेटच्या बाजूलाही एक दुखणे आहे आणि त्याच्या समर्थकांनी ते लपवू नये. सगळ्याच शक्यता घडत असतील, तर एका उत्तराची शक्यता एक तृतीयांश आणि दुसऱ्याची दोन तृतीयांश, याचा अर्थ काय? डॉइच आणि त्यांच्यानंतर डेव्हिड वॉलेस यांनी, शाखांमध्ये राहणारा शहाणा माणूस पैज कशी लावील, या विचारातून शक्यतेचा नियम काढून दाखवला. तो सर्वांना पटलेला नाही. मला तो अर्धाच पटतो, कारण शहाणपणाच्या व्याख्येतच हवे ते उत्तर थोडेसे आधी भरलेले दिसते. याउलट, सगळेच घडणार असेल तर माझ्या निर्णयाला काय अर्थ, हा सामान्य वाचकाला अधिक छळणारा प्रश्न मात्र चुकीच्या समजावर उभा आहे. लॅरी निव्हेनने १९६८ मध्ये याच प्रश्नावर कथा लिहिली आणि त्यात दुसरी विश्वे सापडल्यावर शहरात आत्महत्यांची साथ येते. निर्णयागणिक विश्व दुभंगते ही सोय कथेची आहे. समीकरणात शाखा फुटतात त्या अणूच्या क्षयाने, प्रकाशकणाच्या आदळण्याने. माणूस विचार करून ठरवतो तेव्हा त्याचा मेंदू बहुतेक सर्व वजनदार शाखांत त्याच कारणांनी तोच निर्णय घेत असतो. कारणे बदलली तर त्या साऱ्या शाखा बदलतात.

एव्हरेटचे म्हणणे खोटे पाडण्याचा रस्ता उघडा आहे आणि त्यावर काम चालू आहे. एका ठरावीक आकारमानानंतर शक्यता आपोआप पुसल्या जातात, असे मानणारे सिद्धांत गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी १९८६ मध्ये आणि पेन्रोझ यांनी नंतर मांडले. त्यांतला एकही खरा ठरला तर एव्हरेटच्या सगळ्या शाखा एका दिवसात जातील. २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या गटाने सुमारे दोन हजार अणूंचा, हायड्रोजनच्या अणूहून पंचवीस हजार पटींनी जड रेणू घेतला, तेव्हाही पट्टे पडले. २०२० मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, पेन्रोझ यांच्या कल्पनेच्या सर्वांत सोप्या रूपातून जे प्रारण निघायला हवे होते ते शोधले गेले. ते आढळले नाही. याहून जड सूक्ष्मकणांवरही प्रयोग होत आहेत, आणि समीकरण कुठेतरी चुकते असे आजवर एकाही प्रयोगात दिसलेले नाही.